खाणक्षेत्र पुनरुद्धार

खाणक्षेत्र पुनरुद्धार : खनिजाचे उत्खनन चालू असताना वा संपल्यावर खणलेली जमीन, टाकाऊ मातीचे ढिगारे आणि त्यांवरून वाहणारे पाणी यांची अशी व्यवस्था लावणे की, ती जमीन पुन्हा वनस्पतींना आधार देऊ शकेल व भोवतालच्या शेतीस अपाय करणार नाही. यात मातीची कामे, जलनिःसारण व लागवड या तीन गोष्टी येतात. त्यांपैकी जलनिःसारण प्रथम साधावे लागते. पाण्याला वाट न देता केलेली लागवड पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते.

उघड्या खाणीत खनिजावरील निरुपयोगी थर (अधिभार) काढून बाजूस टाकतात. गोव्यातील लोहखनिजाच्या बाबतीत एक टन खनिजामागे सु. अडीच ते तीन टन अधिभार निघतो. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा व केपे या तालुक्यांतील खाणपट्ट्यात अशा तांबड्या मातीचे मोठे डोंगर उभे राहिले आहेत. ही माती जांभा व चिकणमाती यांची असून तिच्यात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते; तिचे कण बारीक असल्याने ते पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात. गोव्यात वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. खाणी डोंगरउतारावर आणि भातशेती खालच्या खोऱ्यात, अशी येथील भूरचना असल्याने ढिगाऱ्यावरून सुटलेला गाळ थेट शेतात, ओढ्यात व शेवटी मांडवी आणि जुवारी या नद्यांत उतरतो. शेतात साचलेला हा गाळ वाळल्यावर टणक होतो. त्यात भाताचे रोप मूळ धरीत नाही.

पाण्याची दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे. अनेक खाणींचे तळ भूजलपातळीच्या व काहींचे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंपाने सतत पाणी उपसावे लागते आणि त्यामुळे भोवतालच्या विहिरींची व झऱ्यांची पातळी खालावते. गोव्यातील सुपारी-नारळांची कुळागरे आणि हिवाळी पाण्यावर घेतले जाणारे वायंगण भाताचे पीक ही दोन्ही डोंगरातील झऱ्यांवर अवलंबून असतात. म्हणजे एकाच गावाला पावसाळ्यात नको असलेले गढूळ पाणी आणि उन्हाळ्यात कोरडी विहीर, असा दुहेरी फटका बसतो. शिरगाव, मये यांसारख्या गावांच्या तक्रारींचे मूळ यातच आहे.

ढिगारा स्थिर करताना प्रथम त्याचा उतार कमी करून पायऱ्या पाडतात. प्रत्येक पायरीचा कल बाहेरच्या कडेकडे न ठेवता आत, डोंगराच्या अंगाला ठेवतात. पाणी कडेवरून खाली झेपावू नये, ते आतील चरातून संथपणे एका बाजूस जावे, हा त्याचा हेतू असतो. पायथ्याशी जांभ्या दगडांची भिंत घालून तिच्या बाहेर सर्व बाजूंनी चर खोदतात. हे पाणी एकापुढे एक अशा तळ्यांत नेऊन त्यातील गाळ बसू देतात व निवळलेले पाणी ओढ्यात सोडतात. पावसाळ्यापूर्वी तळ्यांतील गाळ काढला नाही, तर संपूर्ण रचना निरुपयोगी ठरते. व्यवहारात सर्वांत अधिक दुर्लक्ष याच साध्या कामाकडे होते. उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरून गवत व वाळा लावल्यास माती लवकर धरली जाते. [⟶ मृदा संधारण].

लागवडीसाठी गोव्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ फार वापरली गेली. ती निकस मातीत झपाट्याने वाढते व नायट्रोजनाचे स्थिरीकरण करते; परंतु केवळ तिचेच रान झाल्यास खाली स्थानिक वनस्पती क्वचितच रुजतात, म्हणून हिरवा दिसणारा प्रत्येक ढिगारा पुनरुद्धारित समजणे योग्य नाही. काजू, बांबू व स्थानिक वृक्षांची मिश्र लागवड अधिक टिकाऊ ठरते. साखळी येथे सेसा गोवा या कंपनीच्या संपलेल्या खाणीवर अशी लागवड करण्यात आली व खड्ड्यातील पाण्यात मत्स्यपालनही करण्यात आले.

महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगॅनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केलेले काम वेगळ्या प्रकारचे आहे. तेथे ढिगाऱ्यातील मातीत साखर कारखान्यांतील प्रेसमड मिसळण्यात आला आणि रोपांच्या मुळांशी संकवक, ऱ्हायझोबियम व ॲझोटोबॅक्टर ही सूक्ष्मजीवांची संवर्धने देण्यात आली. अहमदनगरसारख्या (आताचा अहिल्यानगर) साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत मुबलक निघणारा हा टाकाऊ पदार्थ मृत मातीला सेंद्रिय द्रव्य व ओलावा धरण्याची शक्ती देतो. कोळशाच्या खाणींत मात्र आणखी एक दक्षता घ्यावी लागते. कोळशासोबतचे पायराइट हवा व पाणी यांच्या संपर्कात ऑक्सिडीभूत होऊन सल्फ्यूरिक अम्ल तयार होते. असे पाणी चुनखडीने उदासीन केल्याशिवाय बाहेर सोडणे धोक्याचे असते.

भारतात २००३ मध्ये खाणबंदीचा आराखडा आगाऊ सादर करणे बंधनकारक झाले. गोव्यातील उत्खनन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये थांबले; २०१४ च्या निकालाने त्यास मर्यादित परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने मार्चपासून ते पुन्हा बंद पडले. यामुळे एक नवा प्रश्न उद्भवला : पंप थांबताच खड्डे दर पावसाळ्यात भरू लागले. काठचा बांध फुटल्यास खालच्या वस्तीला धोका, उपसा केल्यास पाणी कोठे सोडावे हा पेच, तर योग्य शुद्धीकरणानंतर तेच पाणी शेतीस वा नळयोजनेस उपयोगी, अशी ही स्थिती आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उत्खननानंतर जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांस योग्य होईल अशी गवताखाली आणण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असा निर्देश केंद्र शासनास दिला. लिलावाने दिलेल्या डिचोली पट्ट्यात २०२४ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. जुन्या पट्ट्यांबाहेर, खाजगी व शासकीय जमिनीवर पडलेल्या ढिगाऱ्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र याहून वेगळा व अधिक गुंतागुंतीचा आहे.