प्लॅस्टिकचे मनोरे किती आच सोसतात?

1954 सालच्या ऑगस्ट महिन्यात नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, तेव्हा हा सारा मुलूख भाताच्या खाचरांचा आणि सागाच्या रानांचा होता. पुढे करसवलतींमुळे येथे कारखाने आले. आज खडोलीपासून सिल्वासापर्यंत अशी घरे थोडीच सापडतील, की ज्यांतील एखादा मुलगा, जावई अगर सून कोणत्या ना कोणत्या कारखान्यात पाळीवर जात नाही. कारखान्यांबरोबर धूरही आला. शेजारच्या वापीची गणना 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती, हे पुष्कळांस आठवत असेल. तेव्हा धूर शुद्ध करणारी यंत्रे हा विषय केवळ इंजिनियरांचा राहिलेला नाही. त्यांपैकी एका प्रकारच्या यंत्राची माहिती आम्ही येथे सोप्या भाषेत देण्याचे योजिले आहे.

धूर धुणे म्हणजे काय?

लोखंडावरचा गंज काढण्यासाठी ते आम्लाच्या हौदात बुडवितात. रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांतही आम्लांचा वापर होतो. या कामांत निघणारी आम्लाची वाफ नाकाघशाला झोंबते, छातीत खोकला उठविते आणि आसपासचे पत्रे खाऊन टाकते. ती पंख्याने ओढून एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून पाण्याची किंवा सौम्य क्षाराच्या पाण्याची धार धरतात. आम्ल पाण्यात उतरते व धुतलेली हवा धुराड्यावाटे बाहेर जाते. या मनोऱ्याला कारखान्यात स्क्रबर म्हणतात.

हा मनोरा लोखंडाचा केला तर आम्ल त्यालाच खाते. मिठाच्या आम्लाच्या वाफेपुढे स्टेनलेस स्टीलचाही निभाव लागत नाही, त्याला बारीक बारीक छिद्रे पडतात. म्हणून हे मनोरे, त्यांच्या नळ्या आणि पंखेसुद्धा पुष्कळदा काचतंतूंच्या प्लॅस्टिकचे, म्हणजे एफ.आर.पी.चे करतात.

कुडाची भिंत आणि कल्हईचे भांडे

एफ.आर.पी. म्हणजे काय हे समजण्यास आपल्या वारली बांधवांच्या घराची भिंत पाहावी. कारवीच्या काटक्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमाती लिंपतात. काटकी बळ देते, माती तिला जागेवर धरून ठेवते. एफ.आर.पी.मध्ये काटकीच्या जागी काचेचे केसासारखे तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन नावाची दाट, चिकट राळ. ही राळ औषध घातल्यावर घट्ट होते व पुन्हा पातळ होत नाही. मनोऱ्याच्या आतल्या अंगाला मात्र तंतू कमी आणि रेझिन अधिक असा एक पातळ थर मुद्दाम देतात. तांब्याच्या देगीला आतून कल्हई असते, तशीच ही या यंत्राची कल्हई समजावी. आम्लाशी गाठ तिची असते. मागच्या थरांनी फक्त भार सोसावयाचा.

आता मुख्य प्रश्न आचेचा. काचतंतू 800 अंश सेल्सिअसच्याही पुढे गेल्यावर मऊ होतात. ते ऐकून कोणास वाटेल, की मग भीती कसली? परंतु कूड कितीही भक्कम असला तरी माती ढासळली म्हणजे भिंत राहत नाही. एफ.आर.पी.ची सहनशक्ती ठरते ती रेझिनवरून, आणि रेझिन काचेच्या मानाने फारच लवकर नरमते.

हे मोजण्याची एक रीत आहे. रेझिनची पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्ये ठरावीक वजन देतात. ती तेलात बुडवून तेल मिनिटाला 2 अंश या गतीने तापवितात. पट्टी पाव मिलिमीटर वाकली, की त्या वेळचे तापमान टिपून घेतात. या कसोटीत साधे ऑर्थोप्थॅलिक पॉलिएस्टर सुमारे 65 ते 75 अंशांवर वाकते. आयसोप्थॅलिक पॉलिएस्टर 90 ते 105 अंशांपर्यंत टिकते. व्हिनाइल एस्टर या अधिक चांगल्या रेझिनचा साधा प्रकार 100 ते 105 अंशांच्या सुमारास वाकतो, तर त्याचाच नोव्होलॅक हा प्रकार 145 ते 150 अंशांपर्यंत तग धरतो. ज्या भागावर भार आहे तो या आकड्याच्याही 15-20 अंश खालीच वापरावा, असा शहाणा संकेत आहे. शिवाय कोरडी गरम हवा जितकी सोसते तितके गरम आम्ल सोसत नाही, कारण द्रव आत झिरपून रेझिन फुगवितो.

मौज अशी, की बाहेरून रंग दिल्यावर हे चारही प्रकार सारखेच दिसतात. त्यांच्या किमतीत मात्र अंतर असते. तेव्हा "एफ.आर.पी. किती आच सोसते?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणते रेझिन आणि ते कितपत पक्के घट्ट झाले आहे, हे आधी विचारले पाहिजे. कच्ची राहिलेली चांगली राळदेखील लवकर मऊ पडते. म्हणून चांगले कारागीर तयार यंत्र काही तास गरम हवेत ठेवून पक्के करतात आणि बारकोल नावाच्या लहानशा उपकरणाने त्याचा कडकपणा तपासतात. रेझिन बनविणाऱ्याने सांगितलेल्या आकड्याच्या निदान 90 टक्के कडकपणा भरला पाहिजे.

पाणी हाच रक्षक

येथे वाचक विचारतील, की भट्टीचा वायू तर 200 अंशांचा असतो, मग तो प्लॅस्टिकच्या मनोऱ्यात जातोच कसा? याचे उत्तर आपल्या माठात आहे. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी लागते, पण उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे 540 लागतात. त्यामुळे एक किलोग्रॅम हवा 200 अंशांवरून 55 अंशांच्या आसपास आणण्यास सुमारे 60 ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. तासाला 10,000 घनमीटर तप्त वायू येत असेल, तर साधारण साडेचारशे लिटर पाणी केवळ वाफ होऊन जाते. पाण्याचे फवारे चालू आहेत तोवर प्लॅस्टिकला 200 अंशांची आच लागतच नाही.

आणि फवारे थांबले तर? कल्हई केलेले भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, हे घरोघरी ठाऊक आहे. कथील 232 अंशांवर वितळते. भांड्यात पाणी असेतोवर कल्हईला काही होत नाही; पाणी आटले, की ती गोळा होऊन तळाशी येते. स्क्रबरचेही तसेच आहे. वीज गेली, पंप बिघडला किंवा फवाऱ्याच्या तोंडात क्षार साचला आणि गरम वायू मात्र येतच राहिला, तर थोड्याच वेळात रेझिन नरमते, आतला थर तडकतो, फोड येतात. नंतर पाणी सुरू झाले तरी त्या तडीतून आम्ल मागच्या थरांत शिरते. यंत्र उभे दिसते, पण आतून पोखरत जाते. पुढे कधी फुटले तर आम्ल अंगावर येते ते पाळीवरच्या माणसाच्या.

आणखी दोन गोष्टी फसव्या आहेत. एक म्हणजे एफ.आर.पी.मधून उष्णता पोलादाच्या मानाने फारच हळू वाहते. बाहेरून हात लावला तर भिंत कोमट लागेल, आत मात्र आतला थर भाजत असेल. म्हणून हाताने अंदाज न करता तापमापकाकडे पाहावे. दुसरी, हे प्लॅस्टिक तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. दहा मीटर लांबीची नळी 60 अंशांनी तापली तर सुमारे दीड सेंटिमीटर वाढते. तिला सरकण्यास जागा ठेवली नाही तर सांधे उचकटतात.

डहाणूचे उदाहरण

धूर धुण्याचे मोठे काम आपल्यापासून फार दूर नाही. डहाणूच्या 500 मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे चिकूच्या वाड्यांना धोका होईल, अशी तेथील लोकांस चिंता होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने धुरातील गंधक काढण्याचा आग्रह धरला व 2007 साली समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची व्यवस्था तेथे सुरू झाली. कोळशाचा धूर धुण्यापूर्वी साधारण 130 ते 150 अंशांचा असतो, म्हणजे बहुतेक रेझिनच्या मर्यादेपलीकडचा. यासाठी अशा कामांत गरम, कोरड्या भागाला एक साहित्य आणि थंड, ओल्या भागाला दुसरे, अशी विभागणी करावी लागते. लहान कारखान्यासही हाच नियम लागू आहे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

आमच्या मुलांपैकी कित्येक जण आयटीआय करून याच यंत्रांवर काम करतात. त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

(1) यंत्राच्या पाटीवर रेझिनचे नाव आणि कमाल तापमान लिहिलेले आहे की नाही, ते पाहावे. नसल्यास विचारावे.

(2) वायू ज्या तोंडातून आत येतो तेथे तापमापक व धोक्याची घंटा असावी. तापमान मर्यादेवर जाताच पंखा किंवा भट्टी आपोआप बंद झाली पाहिजे. घंटा कटकट करते म्हणून तिची तार काढून ठेवू नये.

(3) पंपाला जोडीचा पंप असावा, आणि वीज गेली तरी आपोआप उतरेल असे पाणी उंचावरच्या टाकीत भरलेले असावे.

(4) यंत्र बंद व कोरडे असताना त्याच्या आत किंवा वर वेल्डिंग, कटिंग करू नये. अनेक आगी चालू यंत्रात लागत नाहीत, दुरुस्तीच्या दिवशी पडलेल्या ठिणगीने लागतात. आतील प्लॅस्टिकचे भरणही झटकन पेटते.

(5) एकदा पाणी थांबून यंत्र तापले असेल, तर ते वहीत लिहावे आणि आतून तपासणी होईतो त्यावर विश्वासू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे आम्ही जाणतो. रात्रपाळीतला कंत्राटी मुलगा दहा मिनिटे पंप बंद राहिल्याचे सांगण्यास कचरतो, कारण दोष आपल्यावर येईल असे त्याला वाटते. परंतु ती एक ओळ लिहिली गेली नाही तर तड कोणासही दिसत नाही, आणि काही महिन्यांनी त्याच जागी दुसऱ्या कोणाचा मुलगा उभा असतो. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना एवढे बजावून सांगावे, की पंप बंद पडला तर तो लपवू नका. आणि मालक-मुकादमांनीही असे सांगणाऱ्याला दटावू नये, त्याचे आभारच मानावेत.