फियाटचें मुखमार्जन

आमच्या घरच्या फियाटच्या तोंडावरील रंग खरवडला गेला, तेव्हां आंतून जें निघालें तें पाहून आम्ही अवाक् झालों. डाव्या दिव्याखालीं, पत्र्याच्या पोकळींत, वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता. त्यावर बोटभर जाडीची पुट्टी थापून वर मोठा सुरेख पांढरा रंग दिलेला! मिस्त्रींनीं स्क्रूड्रायव्हरचें टोंक नुसतें टेंकवलें, तों तें आरपार गेलें. जी गाडी दुरुस्त झाली असें आम्ही इतकीं वर्षें समजत होतों, ती कागदाचा मुखवटा लावून उभी होती. हा उद्योग ज्या कारखान्यांत झाला त्याचें नांव आम्ही घेत नाहीं. पैसे मोजतांना आम्हीं खालीं वाकून पाहिलें नाहीं, हा दोष आमचाहि आहेच.

ही गाडी १९६८ सालची, 'फियाट ११००'. आमच्या कै. काकांनीं ती नवीच घेतली होती. त्या काळीं मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, हें आजच्या मुलांस खरें वाटत नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें या गाड्या तयार होऊं लागल्या. याच वालचंदांनीं आमच्या जिल्ह्यांत, मालेगांव तालुक्यांत, १९३३ सालीं रावळगांवचा साखर कारखाना काढला होता. त्यामुळें काका गाडीला विनोदानें 'रावळगांवकरीण' म्हणत. पुढें १९७४ च्या सुमारास याच घराण्यांतील गाडीस 'पद्मिनी' हें नांव मिळालें. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती निवृत्त झाली, हें वाचकांनीं वाचलेंच असेल.

आमच्या गाडीचें दुखणें सुरू झालें तें २०१९ च्या ऑगस्टांत. गंगेला पूर आला (परगांवच्या वाचकांसाठीं सांगतों, नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतो) आणि पंचवटींतील आमच्या अंगणांत पाणी शिरून तें गाडीच्या दिव्यांपर्यंत चढलें. पाणी ओसरलें, गाळ मात्र पोकळ्यांत राहिला. ओला गाळ लोखंडास जसा खातो तसें नुसतें पाणी खात नाहीं. कारण तो वाळतच नाहीं.

मुखवटा उघडा पडल्यावर घरांत सभा भरली. थोरल्या पुतण्याचें मत, गाडी भंगारांत द्यावी. धाकटा म्हणाला, पुढचा भागच फायबरचा करून बसवूं. काकूंचें वय अठ्ठ्याऐंशी. त्या कोपऱ्यांतून एवढेंच म्हणाल्या, "मला एकदां ह्यांच्या गाडींतून त्र्यंबकास न्या, मग काय तें करा." सभा तेथेंच बरखास्त झाली.

फायबरची सूचना आम्हांस दोन कारणांनीं पटली नाहीं. एक म्हणजे, २०२१ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते, परंतु तिच्या बांध्यांत अथवा यंत्रांत मोठा फेरफार झालेला नसावा. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. जीपगाडीस खालीं स्वतंत्र सांगाडा असतो. वरचा पत्रा हें तिचें केवळ वस्त्र. या फियाटचें तसें नाहीं. तिचा पत्रा हाच सांगाडा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आंतले पत्रे गंजले, तर पुढचीं चाकें ज्याच्या आधारें उभीं असतात तो आधारच खचतो. वरून फायबर बसवला काय, सोनें मढवलें काय, सारखेंच!

मिस्त्रींनीं कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला व त्याच मापाचे तुकडे जोडले. हें काम आम्हीं तीन दिवस खुर्ची टाकून पाहिलें. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. सलग झाळ दिली तर तो भाजलेल्या पापडासारखा वळतो. म्हणून एक टिपका येथें, दुसरा वीतभर दूर, मध्यें थंड होऊं द्यावयाचें. नंतर मागें लोखंडी ठोकळा धरून पुढून हलके ठोके. त्या नादानें आम्हांस लहानपणची तांबट आळी आठवली. पाणी निचरण्याचीं छिद्रें पूर्वीच्या कारागिरानें पुट्टीनें बुजवून टाकलीं होतीं; तीं सारीं मोकळीं केलीं.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन मिस्त्रींनीं पुढचें चाक वर-खालीं धरून हलवलें. खुळखुळ! पुतण्यास ब्रेक दाबून धरावयास सांगितलें. खुळखुळ थांबती तर दोष बेअरिंगचा. ती राहिली, म्हणजे किंगपिन झिजलेली. चाक ज्या खिळीवर डावीकडे-उजवीकडे वळतें ती ही किंगपिन. तिचे बुश नवे बसवून रीमरनें नेमके मापाचे करावे लागतात आणि पुढें तिला नेमानें ग्रीस द्यावें लागतें. आमच्या घरीं तिला काकांच्या पश्चात् ग्रीस मिळालेंच नव्हतें.

बंपरच्या क्रोमसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम या खिळींत गेली. क्रोम म्हणजे नुसता चकचकाट नव्हे. चांगल्या कामांत खालीं तांबें, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा अगदीं पातळ थर असतो, व गंजापासून संरक्षण मुख्यतः निकेल करतें. हें स्वस्तांत होत नाहीं, आणि स्वस्तांत झालें तर टिकत नाहीं. तेव्हां बंपर डागाळलेलाच परत चढवला.

जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांस एक सांगावेंसें वाटतें. लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून दिव्यांभोंवतीं व मडगार्डाच्या खालच्या कडेवर फिरवावा. जेथें तो धरत नाहीं तेथें पत्र्याऐवजीं पुट्टी आहे असें समजावें. आमच्या शिवणाच्या डब्यांत असा चुंबक वर्षानुवर्षें पडून होता.

माघांतल्या एका सोमवारीं आम्ही त्र्यंबकास गेलों. वाटेंत कोणी फारसें बोललें नाहीं. सर्वांचे कान पुढच्या चाकांकडे. काकूंनीं उतरतांना बंपरवरून हात फिरवला आणि "हें एवढें राहिलेंच का रे?" असें विचारलें. आम्हीं खिळीची हकीकत सांगितली. ती त्यांस कितपत कळली कोण जाणे, पण परततांना त्या पुढच्या आसनावर बसल्या.

पावसाळ्यापूर्वीं गाडीची जागा बदलणें अवश्य आहे. वरच्या आळींतील एका स्नेह्यांनीं आपली पडवी देऊं केली आहे. काकूंची अट एवढीच, कीं गाडी त्यांच्या खिडकींतून दिसली पाहिजे. तेवढें जुळत नाहीं, म्हणून अद्याप कांहीं ठरलेलें नाहीं.