आधी छेद काढा, मग क्ष शोधा

आठवीतल्या मुलाला ३क्ष + ५ = २० हे समीकरण द्या, तो तोंडी सोडवतो. पण क्षच्या खाली २ आणि ३ येऊन बसले की त्याची पेन्सिल थबकते. खरं तर या दोन गणितांत फरक फक्त एका पायरीचा आहे. ती पायरी वर्गात शिकवलीही जाते. ती का चालते, हे मात्र बरेचदा सांगायचं राहून जातं आणि पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यात भुंग्यांचं एक सुंदर गणित आहे. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्शांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. एक भुंगा तेवढा हवेत घिरट्या घालत राहिला. तर थवा केवढा?

थव्याला क्ष म्हणू.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

५ आणि ३ यांचा लसावि १५. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला १५ने गुणलं की छेद उरतच नाहीत:

३क्ष + ५क्ष + ३(५क्ष − ३क्ष) + १५ = १५क्ष

डावीकडे १४क्ष + १५ झाले, म्हणून क्ष = १५. ताळा करू: ३, ५, ६ आणि १ मिळून १५. जमलं.

भास्कराचार्य अशा उदाहरणांसाठी ‘इष्टकर्म’ सांगतात. सोयीची कोणतीही संख्या धरायची. समजा ३०. मग ६, १० आणि १२ भुंगे गेले, उरले २. प्रत्यक्षात उरला आहे १, म्हणजे धरलेल्या संख्येची निम्मी, १५. प्राचीन इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरसमध्येही हीच युक्ती दिसते. एक संख्या आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती संख्या कोणती, या प्रश्नाला तिथला लेखनिक आधी ७ धरतो. सातच का? सातवा भाग पूर्णांकात निघावा म्हणून. आपण लसावि घेतो तोही याचसाठी.

आता मूळ मुद्दा. क्ष/२ + क्ष/३ एवढंच लिहिलेलं असेल आणि बेरीज करायची असेल, तर उत्तर ५क्ष/६. तिथला ६ पुसता येत नाही, पुसला तर किंमतच सहापट होईल. पण क्ष/२ + क्ष/३ = १० असं समीकरण असेल, तर दोन्ही बाजू सहापट केल्या तरी समानता टिकते. म्हणून ५क्ष = ६०, क्ष = १२. छेद जातो तो बरोबरच्या चिन्हामुळे. हे ज्याला उमगलं, तो उजवीकडच्या १०ला सहाने गुणायला विसरणार नाही. ‘त्याला छेदच नाही, मग कशाला गुणायचं?’ असं म्हणून मुलं नेमकं तेच पद सोडून देतात.

दुसरा खड्डा याहून फसवा आहे: क्ष/२ − (क्ष − ३)/३ = ४. सहाने गुणल्यावर ३क्ष − २(क्ष − ३) = २४. इथे कंस लिहायलाच हवा. अपूर्णांकाची आडवी रेघ अंशाला आतापर्यंत एकत्र बांधून ठेवत होती. ती गेली की ते काम कंसाने करायचं. कंस सोडवल्यावर −२क्ष + ६ येतं आणि क्ष = १८. घाईत −६ लिहिलं तर क्ष = ३० येतं, आणि ताळ्यात १५ − ९ = ६ मिळतं, ४ नाही. चूक लगेच पकडली जाते. ताळ्याला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी परीक्षेच्या घाईत पहिला बळी त्याचाच जातो, याचं वाईट वाटतं.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. ते गणित आज आपल्या घरातही शिकवता येईल. मुलांसोबत बसून ‘लीलावती’तलंच हे आणखी एक उदाहरण सोडवा: कमळांच्या राशीतला तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला, उरलेली ६ कमळं गुरूंच्या चरणी. लसावि ६० घ्या, प्रत्येक पदाला गुणा आणि ताळा करा. उत्तर १२० यायला हवं.