परका रोगी कोणास म्हणावे?

मुलाकडे चार महिने राहावयास विलायतेस गेलेल्या आईबापांस तेथे रुग्णालयात पडावे लागले, तर पैसे पडतात काय? इंग्लंडात औषधपाणी फुकट, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा.

तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली. परकीयांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने १९४९ सालीच कायद्याने घेतला. पण तो वापरला १९८२ साली. तेहेतीस वर्षे हा अधिकार कपाटात पडून होता म्हणावयाचे!

या नियमाची मेख अशी की, तो पारपत्र पाहत नाही, वास्तव्य पाहतो. ब्रिटिश नागरिक झालेला मराठी गृहस्थ पुण्यास कायमचा परतला आणि पाहुणा म्हणून लंडनास गेला, तर तो पैसे देणाऱ्यांत मोडतो. उलट, नोकरीच्या परवान्यावर गेलेला बहुधा आधीच आरोग्य-अधिभार भरून चुकलेला असतो. २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. पाहुण्यास मात्र ठरलेल्या दराच्या दीडपट आकार पडतो. तातडीच्या विभागातील तपासणी विनामूल्य. पण खाटेवर दाखल केले की हिशेब सुरू होतो. जिवावरचे उपचार पैशासाठी अडवीत नाहीत. बिल मागाहून येते. थांबू शकणाऱ्या उपचारांचे पैसे २०१७ पासून आधी भरावे लागतात. क्षयावर मात्र कोणालाही फुकट औषध. ते केवळ औदार्य नव्हे. रोगी तसाच राहिला तर शेजाऱ्यालाही धोका. बिलाचे ५०० पौंड थकले तर पुढचा प्रवेश-परवाना नाकारला जाऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी विमा घ्यावा, आणि जुन्या मधुमेहाविषयी त्यात काय लिहिले आहे ते नीट वाचावे.

असे नियम सातासमुद्रांपलीकडेच असतात असे नाही. गोव्याने १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना आकार लावला. सिंधुदुर्गातील रोगी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जात आले होते. दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. देश एकच; पण खजिना गोव्याचा, कर भरणारा गोवेकर, ही अडचणही खोटी नव्हती.

मग वडवणीहून ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांचे काय? महाराष्ट्राची कुटुंबामागे ५ लाख रुपयांची योजना शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला मागते. तो कागद घरच्या पेटीत असतो, आणि माणूस वर्षातले पाच-सहा महिने फडावर. तेवढे महिने त्याचे वास्तव्य कोठले धरावे, हे अद्याप कोणी नीट ठरविलेले नाही.