हिंवतापाचा वैरी सिंकोना

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनें अँडीज पर्वताची प्रचंड रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली आहे. तिच्या पूर्वेकडील उतारांवर कोलंबिया, एक्वेडोर, पेरू व बोलिव्हिया या देशांत दाट धुक्याचीं व पावसाचीं रानें लागतात. या रानांत सिंकोना नांवाची वनस्पति आपोआप उगवते. ओलसर दऱ्यांत तिचा चांगला वृक्ष होतो. परंतु बोलिव्हियाकडील तिची एक जात उघड्या, गवताळ टेकड्यांवर पुरुष-दीड पुरुष उंचीचें झुडूप होऊन राहते.

आपल्या ओळखीच्या कदंबाच्या व कॉफीच्या कुळांतलीच ही. पानें समोरासमोर व रुंद. फांद्यांच्या शेंड्यांना फिक्या गुलाबी किंवा पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस. फूल नळीसारखें असून त्याच्या पांचही पाकळ्यांच्या कडांना मऊ केसांची झालर असते. कांहीं झाडांच्या फुलांत स्त्रीकेसर लांब व पुंकेसर आंखूड, तर कांहींत याच्या उलट. त्यामुळें एका झाडाचा पराग कीटकांनीं दुसऱ्याकडे न्यावा लागतो, आणि निरनिराळ्या जातींची सरमिसळ सहज होते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें कारण पडणार आहे.

सिंकोनाची कीर्ति झाली ती मात्र फुलांमुळें नव्हे, सालीमुळें. ही साल अत्यंत कडू असते. हिंवतापावर तिचा गुण येतो हें कळल्यावर इ. स. १६३० च्या सुमारास लिमा शहरांतील जेज्विट पंथाच्या औषधालयांतून ती रोमला जाऊं लागली. रोमच्या आसपास दलदल असल्यामुळें तेथें हा ताप पांचवीला पुजलेला होता. सालीला ‘जेज्विटांची साल’ असें नांव पडलें, आणि प्रॉटेस्टंट देशांत कित्येकांनीं एवढ्याच कारणानें ती घेण्याचें नाकारलें. ताप मात्र पंथ पाहून येत नव्हता!

पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीनें बरी झाली, अशी एक गोष्ट फार दिवस पुस्तकांतून चालत आली. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७४२ सालीं तिच्यावरून वनस्पतीला नांव दिलें, व देतांना एक अक्षर गाळलें. पुढें त्या काळची रोजनिशी तपासली, तेव्हां बाईंना तसा ताप आल्याची नोंदच सांपडली नाहीं. गोष्ट खोटी ठरली; नांव राहिलें.

१८२० सालीं पॅरिस येथें पेल्त्ये व काव्हांतू या दोघांनीं सालींतील मुख्य द्रव्य वेगळें काढलें. तेंच क्विनाईन, आपल्याकडील जुनीं माणसें त्याला कोयनेल म्हणत. तें काय करतें हें कळण्यास मात्र बराच काळ लागला. १८८० सालीं लाव्हेरान यांनीं हिंवतापाचा सूक्ष्म जंतु रोग्याच्या रक्तांत पाहिला, व १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना तो डांसाच्या पोटांत आढळला. हा जंतु रक्तांतील तांबड्या पेशींत शिरून त्यांतील लाल द्रव्य खातो. त्या खाण्यांतून उरलेला भाग त्याला स्वतःला विषारी असतो. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ठेवतो. क्विनाईन नेमका येथेंच अडथळा आणतें, आणि जंतु स्वतःच्याच उष्ट्यानें मरतो, असें शास्त्रज्ञ मानतात.

मागणी वाढली तशीं रानांतील झाडें धडाधड पडूं लागलीं. १८६० सालीं क्लेमेंट्स मार्कहॅम यांनीं रोपें आणून नीलगिरीवर लागवडीस आरंभ केला; पुढें दार्जिलिंगजवळ मुंगपू येथेंही मळे झाले. आपल्या महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यासही लागवड करून पाहिली होती. ती टिकली नाहीं. नीलगिरीवर मॅकआयव्हर यांनीं एक चांगली युक्ति काढली. सगळी साल एकदम न काढतां तिच्या पट्ट्या सोलावयाच्या व उघड्या जागीं शेवाळ बांधावयाचें. त्याखालीं नवी साल धरे व झाड जगे. परंतु या पहिल्या मळ्यांतील जातींत क्विनाईन बेताचेंच होतें.

उत्तम झाड ओळखणारा मनुष्य बोलिव्हियांत होता. मान्युएल इंक्रा मामानी हा तेथील मूळ रहिवाशांपैकीं एक, चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरीं होता. सरमिसळीमुळें शेजारशेजारच्या दोन झाडांतही सत्त्वाचें प्रमाण फार वेगळें असूं शकतें. मामानीची पारख येथेंच उपयोगी पडली. चांगल्या झाडांचा फुलोरा वर्षानुवर्षें हिमानें जळत गेला, तरी तो थांबला, आणि १८६५ सालीं त्यानें बीं आणून दिलें. इंग्रज सरकारनें तें घेतलें नाहीं. डच सरकारनें सुमारें एक पौंड बीं थोड्या रकमेंत घेऊन जावा बेटांत पेरलें. त्या झाडांच्या सालींत शेंकडा दहाहून अधिक क्विनाईन निघालें, आणि पुढें जगांतील बहुतेक सर्व क्विनाईन जावांतून येऊं लागलें. बीं देशाबाहेर नेण्यास मनाई असल्यानें पुढच्या खेपेस मामानी पकडला गेला. तुरुंगांत त्याला इतकी मारहाण झाली कीं, १८७१ सालीं तो मरण पावला. वनस्पतीच्या त्या जातीला नांव मिळालें तें लेजरचें.

बंगालमध्यें १८९२ पासून पोस्टाच्या कचेरींत एक पैशाला क्विनाईनची पुडी मिळूं लागली. १९४२ सालीं जपाननें जावा घेतलें, तेव्हां जगभर या औषधाची टंचाई पडली व रासायनिक औषधांच्या शोधाला वेग आला. आज हिंवतापावर पहिला मान एका चिनी वनस्पतीपासून काढलेल्या आर्टेमिसिनिनच्या औषधांना आहे. क्विनाईन कांहीं प्रसंगींच देतात. पेरूच्या राष्ट्रचिन्हावर सिंकोनाचें झाड १८२५ पासून आहे. रानांत मात्र, जंगलतोडीमुळें व शेतीसाठीं उतार मोकळे केल्यामुळें, तें पुष्कळ ठिकाणीं शोधून काढावें लागतें.