वर्गात परदेशी माणूस कशासाठी?

मात्सुए (जपान) : या गावात परदेशी माणसाने इंग्रजी शिकवण्याची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९० साली लाफ्काडिओ हर्न हा ग्रीसमध्ये जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला आणि अमेरिकेत पत्रकारिता केलेला लेखक इथल्या सरकारी शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून आला. थंडी सोसेना, म्हणून सव्वा वर्षात तो दक्षिणेकडे कुमामोतोला निघून गेला. गावाने मात्र त्याला सोडलेलं नाही. त्याचं घर जपलंय, शेजारी संग्रहालय आहे, आणि त्याची जपानी बायको सेत्सु हिच्या आयुष्यावर बेतलेली ‘बाकेबाके’ ही मालिका एनएचके या वाहिनीने २०२५च्या शरदात सुरू केल्यापासून त्या घरासमोर पर्यटकांची रीघ आहे.

मला त्याच्या चरित्रातला पगाराचा आकडा जास्त रंजक वाटतो. हर्नला महिना १०० येन मिळत. पाचच वर्षांनी मात्सुयामाच्या शाळेत नात्सुमे सोसेकी हा तरुण इंग्रजी शिकवायला गेला, तोच पुढे जपानचा थोर कादंबरीकार झाला. त्याला ८० येन होते आणि मुख्याध्यापकाला ६०. त्या काळी जपानला इंग्रजी खरोखर हवं होतं आणि त्यासाठी जपान पैसे मोजत होता.

आज आम्हा परदेशी शिक्षकांना ‘एएलटी’ म्हणतात, म्हणजे सहायक भाषाशिक्षक. देशभर असे सुमारे २० हजार. वर्ग जपानी शिक्षकाचा, आम्ही त्याच्या शेजारी उभे. यातली सगळ्यात मानाची वाट म्हणजे सरकारची ‘जेट’ योजना. ती १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतल्या ८४८ तरुणांना घेऊन सुरू झाली. त्या वेळी जपानच्या मोटारी आणि टीव्हीसंच अमेरिकेत इतके खपत होते की व्यापारावरून दोन्ही देशांत रोजची धुसफूस चाले. परदेशी पदवीधरांना खेड्यापाड्यांतल्या शाळांत आणायचं, त्यांनी जपान पाहायचा, जपान्यांनी त्यांना पाहायचं आणि सगळ्यांनी गोडीने घरी परतायचं, असा तो बेत. शिक्षण खात्याइतकाच त्यात परराष्ट्र खात्याचा आणि गृहव्यवहार खात्याचा हात होता. त्यामुळे ‘इतकी वर्षं परदेशी शिक्षक आणूनही जपानी मुलं इंग्रजी का बोलत नाहीत?’ हा प्रश्न मला कुणी विचारला की मी म्हणते, आणलं होतं मैत्रीसाठी, आणि मैत्री झाली आहे.

इंग्रजीचं ओझं मात्र वाढतच गेलं. २०२०पासून पाचवी-सहावीला तो रीतसर विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तासांची गाणी-खेळांची ओळख. मुलाने प्राथमिक शाळेतच ६०० ते ७०० शब्द शिकावेत अशी अपेक्षा. त्यावर माध्यमिकच्या तीन वर्षांत आणखी १६०० ते १८०० शब्दांची भर. पूर्वी हा आकडा १२०० होता. हायस्कुलात येणारं काही व्याकरण २०२१पासून खाली सरकवलं, त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांची पोरं आता ‘मी पक्षी असतो तर’ छापाची वाक्यं इंग्रजीत जुळवतात. प्राथमिक शाळेत जपानी भाषेपासून गणितापर्यंत बहुतेक विषय एकच वर्गशिक्षक शिकवतो. इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण त्याला बहुधा नसतंच. नियमाने मी सहायक असले तरी तिथे खडू माझ्याच हातात येतो. माध्यमिकला उलट. तिथे पुस्तकातला उतारा मी मोठ्याने वाचायचा, मुलांनी मागोमाग म्हणायचा आणि व्याकरण सुरू झालं की मी खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं. आमच्या मंडळींत याला मानवी टेपरेकॉर्डर म्हणतात.

दोष त्या जपानी शिक्षकाला देणं सोपं आहे. पहिलं वर्षभर मीही तेच केलं. पण शिक्षकांच्या खोलीत बसून पाहिलं की चित्र बदलतं. इथे ही खोली म्हणजे शाळेचं कार्यालयच असतं. एकेका इयत्तेच्या शिक्षकांची टेबलं एकमेकांना भिडवून मांडलेली, समोर मध्यभागी उपमुख्याध्यापक. तो सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी दिवे घालवतो. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई सकाळी साडेसातला दारात मुलांना नमस्कार घालत असतात. मग तास, जेवणाच्या वेळी वर्गात मुलांबरोबर जेवण, मग मुलांबरोबर शाळेची झाडलोट, संध्याकाळी टेनिसचा क्लब, त्यानंतर पालकांचे फोन. शनिवारी त्याच टेनिसच्या मॅची. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) २०१८च्या पाहणीत जपानचे माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले. पाहणीतल्या देशांत हे सर्वाधिक. त्यातही शिकवण्याचे तास इतरांपेक्षा जास्त नाहीत. बाकीचं सगळं जास्त आहे. १९७१च्या एका कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांचा ओव्हरटाइमच काढून टाकला आणि त्याबदली पगारावर सरसकट ४ टक्के दिले. ते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेण्याचा निर्णय २०२५ साली, म्हणजे अर्ध्या शतकानंतर झाला. अशा बाईंनी माझ्याबरोबर बसून पाठ केव्हा आखायचा? आमची आखणी जिन्यात होते, चपला बदलता बदलता. ‘आज पान ४२, एक खेळ घ्या, दहा मिनिटं.’ चांगला सहशिक्षक ही मग नशिबाची गोष्ट ठरते. माझं नशीब बरं आहे.

दुसरी अडचण परीक्षेची. नववी संपताना हायस्कूलची प्रवेशपरीक्षा असते आणि बहुतेक प्रांतांत तिच्यात इंग्रजी बोलण्याला गुण नाहीत. टोकियोने २०२२पासून बोलण्याची परीक्षा आणली, तिच्यावरून आजही भांडणं चालू आहेत. विद्यापीठ प्रवेशासाठी खासगी संस्थांच्या, बोलण्याचाही समावेश असलेल्या इंग्रजी परीक्षा वापरायचं घाटत होतं. २०१९च्या ऑक्टोबरात शिक्षणमंत्री हागिउदा टीव्हीवर म्हणाले की मुलांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे लढावं. परीक्षेची फी आणि मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास गावातल्या गरिबाला परवडणार नाही, हीच तर लोकांची तक्रार होती! गदारोळ झाला, १ नोव्हेंबरला योजना पुढे ढकलली आणि २०२१मध्ये गुंडाळली. मात्सुए ज्यात येतं त्या शिमानेसारख्या प्रांतातून पाहिलं तर मला ती गुंडाळली हेच योग्य वाटतं. पण म्हणून पर्याय कुणी दिला, असंही नाही. गुण नसलेल्या गोष्टीसाठी चौदा वर्षांच्या मुलाने चाळीस जणांसमोर चुकीचं बोलून हसं का करून घ्यावं?

जेवणाबद्दल घरून नेहमी विचारणा होते. शाळेत डबा नाही. सगळ्यांना एकच जेवण, पांढरे डगले घातलेली मुलंच वाढतात. वाढण्याच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापक ते स्वतः जेवून पाहतात, काही बिघडलं असेल तर आधी त्यांना कळावं म्हणून. दुधाचा २०० मिलीचा डबा रोज, भात असो की नूडल्स. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत आहे, कारण भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं. करीच्या दिवशी वर्गात उत्सव असतो. ही करी एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमार्गे इथे पोचली, त्यामुळे ती गोडसर, पिठाळ आणि आपल्या ओळखीची अजिबात नाही. पण मुलं उत्सुकतेने माझ्या तोंडाकडे पाहत असतात, म्हणून मी दुसऱ्यांदा घेते.

आता पैशांचं. ‘जेट’वाल्याला २०२५पासून पहिल्या वर्षी ४० लाख २० हजार येन मिळतात, विमानाचं तिकीटही. करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. काही नगरपालिका स्वतः नेमणूक करतात, तीही वर्षाच्या बोलीने. उरलेले बरेच जण कंत्राटदार कंपन्यांमार्फत येतात, आणि खरी रड तिथे आहे. नगरपालिका निविदा काढते, स्वस्त बोलीवाल्याला काम जातं. पगार महिना दोन ते अडीच लाख येन, सुट्टीच्या महिन्यात त्यातही कपात. सामाजिक विम्याचा वाटा चुकवण्यासाठी आठवड्याचे तास साडेएकोणतीसवर अडवून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. काही करार असे असतात की शाळेतल्या शिक्षकाने अशा एएलटीला वर्गात थेट सूचना दिली तरी कामगार कायद्याचा भंग होतो. दोघांनी मिळून शिकवायचं, पण एकमेकांशी बोलायचं नाही! येनचा भाव गेल्या काही वर्षांत बराच उतरला आहे, तेव्हा घरी पैसे पाठवण्याचा हिशेब नीट करून या.

भारतीयांना कितपत वाव आहे? ‘जेट’मध्ये सध्या सुमारे ५,८०० जण आहेत, त्यांतले निम्म्याच्या आसपास अमेरिकेचे. भारतातून येणारे अगदी थोडे. कंपन्यांच्या जाहिरातीत ‘मातृभाषा इंग्रजी’ असं लिहिलेलं असतं, तरी फिलिपिन्सचे शिक्षक त्या दारातून मोठ्या संख्येने आत आले आहेत आणि शाळा त्यांच्यावर खूश आहेत. आपल्यातला सगळ्यात लांब पोचलेला माणूस म्हणजे योगेंद्र पुराणिक. महाराष्ट्रातून आलेले हे गृहस्थ २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या नामांकित सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. पण ते जपानी नागरिकत्व घेऊन, उत्तम जपानी बोलून. एएलटीच्या खुर्चीवरून तिथवर जाणारा जिना नाही. दोन-तीन वर्षं या, शाळा पाहा, जपानी शिका आणि पुढचं ठरवा. याच कामात म्हातारं व्हायला येऊ नका.

येणाऱ्यांनी एक नियम आधी वाचावा. शाळेत परदेशी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी पदवी तर लागतेच, शिवाय त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून बारावी करून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्या माणसाचं इंग्रजी कितीही चोख असो, त्याचा अर्ज इथे अडतो. इंग्रजी माध्यमवाल्यांनी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय दोन्हींकडून माध्यमाचा दाखला सही-शिक्क्यासह निघण्यापूर्वीच घ्यावा. इथून फोन करून तो मिळत नाही.