मुलांसह मासेमारी व नौकाविहार (कोकण)

कोकण किनारपट्टीवर लहान मुलांना सोबत घेऊन गळाने मासे पकडणे, पागाची मासेमारी पाहण्यास नेणे आणि खाडीत होडीतून फेरफटका मारणे ही जुनी कौटुंबिक प्रथा आहे. मासेमारीवर उपजीविका असलेल्या समाजांत मुले याच मार्गाने पाण्याची ओळख करून घेतात. अलीकडे सुट्टीत कोकणात येणारी शहरी कुटुंबेही अशा सहलींस जातात. मात्र दोघांच्या पूर्वतयारीत मोठा फरक असतो. किनाऱ्यावरील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पाण्याविषयीचे नियम पाहुण्यांना ठाऊक नसतात आणि या अज्ञानातून अपघात घडू शकतात.

== पार्श्वभूमी ==

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या मुखांशी धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल अशा खाड्या तयार झाल्या आहेत. खाडीचे पाणी खुल्या समुद्रापेक्षा शांत असल्यामुळे मुलांची पहिली मासेमारी बहुधा खाडीकाठी किंवा धक्क्यावर होते. बोय, काळुंदर, शिंगाळा, तांबोशी हे मासे तेथे गळाला लागतात. आमिष म्हणून कोलंबीचे तुकडे किंवा गांडूळ वापरतात.

सिंधुदुर्ग व गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ही सामूहिक मासेमारीची पद्धत आहे. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांकडून अनेक जण मिळून किनाऱ्यावर ओढतात. होडीत न बसता, किनाऱ्यावरूनच मासेमारी पाहण्याची व समजून घेण्याची संधी मुलांना रापणीमुळे मिळते.

== काळ व वेळेची निवड ==

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा तो प्रजननकाळ असतो. त्यामुळे महाराष्ट्र व गोव्यात साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाचा आरंभ करण्याची कोळी समाजाची प्रथा आहे. मुलांसह होडीतून जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल समजला जातो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून सहल सकाळीच आटोपणे योग्य असते.

दिवसाची वेळ भरती-ओहोटीवरून ठरते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, असा आडाखा मुंबई व परिसरात प्रचलित आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास येते. हा आडाखा मुलांना सहज समजतो. प्रत्यक्ष नियोजनासाठी मात्र त्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहावे लागते.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. त्या दिवसांत पाण्याची चढउतार अधिक असते आणि खाडीच्या मुखाशी प्रवाहाला मोठा वेग येतो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, हा वेग कमी असतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपांवर मुलांना नेताना परतीची वेळ आधी ठरवावी लागते, कारण खडपाभोवतीची सखल जागा आधी भरते आणि परतीची वाट बंद होते. खाडीच्या मऊ चिखलात मुलांचे पाय रुततात. भरती सुरू झाली असता हा धोका गंभीर ठरतो.

== जीवरक्षक जाकीट ==

प्रौढाचे जाकीट मुलाला घालणे धोकादायक असते. मूल पाण्यात पडताच सैल जाकीट वर सरकते, चेहरा झाकला जातो किंवा मूल त्यातून खाली निसटते. प्रवासी जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वजनानुसार तीन गट केलेले आहेत: १५ किलोपेक्षा कमी वजनाची बालके, १५ ते ४३ किलो वजनाची मुले आणि त्यापुढील प्रौढ. सहलीसाठी जाकीट निवडताना हेच गट उपयोगी पडतात.

जाकीट बरोबर बसले आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. सर्व पट्टे आवळल्यावर जाकिटाचे दोन्ही खांदे धरून ते वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकल्यास ते मोठे आहे. लहान मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा, मान आधारणारी कॉलर आणि मुलाला पाण्याबाहेर उचलण्यासाठी पाठीमागे मूठ असणे आवश्यक मानले जाते. हवा भरण्याचे दंडपट्टे व रबरी कडी ही खेळणी आहेत. त्यांना जीवरक्षक साधन मानता येत नाही.

होडीत ठेवलेले पण अंगावर न घातलेले जाकीट अपघाताच्या क्षणी निरुपयोगी ठरते. म्हणून होडीत पाय ठेवण्यापूर्वी, धक्क्यावरच ते घालण्याचा नियम केला जातो. मोठ्यांनी तो पाळला नाही तर मुलेही तो पाळत नाहीत.

== होडीतील शिस्त ==

लहान होडीचा तोल बसणाऱ्यांच्या जागेवर अवलंबून असतो. मुलांना होडीच्या मधोमध, तळाशी किंवा बसण्याच्या फळीवर बसवतात. काठावर बसणे, उभे राहणे आणि पाण्यात हात घालण्यासाठी एकाच बाजूला झुकणे यांस मनाई असते. मालवणकडील काही होड्यांना आधारासाठी एका बाजूला उलांडी असते. त्यामुळे होडी अधिक स्थिर राहते, परंतु ती उलटणारच नाही असे नाही.

होडीत तांडेलाचा शब्द अंतिम असतो. वारा बदलला म्हणून त्याने परत फिरण्याचे ठरवल्यास प्रवाशांनी आग्रह धरू नये, ही किनाऱ्यावरची रूढ शिस्त आहे. प्रत्येक लहान मुलामागे एका प्रौढावर नावानिशी जबाबदारी सोपवली जाते. ‘सगळे जण लक्ष ठेवून आहेत’ अशा समजुतीत प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते. गळ टाकण्यात गुंतलेली व्यक्ती त्याच वेळी मुलावर लक्ष ठेवू शकत नाही.

== गळ व मासे हाताळणे ==

सुरुवातीला मुलांच्या हाती काठीला बांधलेली आखूड दोरी देतात. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून बसवला तर मासा सोडवणे सोपे जाते आणि बोटात गळ रुतल्यास जखमही कमी होते. दोरी फेकताना मागे कोणी नाही याची खात्री करावी लागते. डोळ्याजवळ रुतलेला गळ घरी ओढून काढू नये. दोरी कापून तो आहे तसाच ठेवून रुग्णालयात जावे.

काही मासे मुलांनी हाताळू नयेत. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक असे विषारी काटे असतात. पाकटाच्या शेपटीवरील काटाही विषारी असतो. असा काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. पाण्याची उष्णता आधी मोठ्याने स्वतःच्या हाताने तपासावी आणि नंतर डॉक्टरांकडे जावे. फुगणारा केंड मासा मुलांना गमतीचा वाटतो, पण तो खाल्ल्यास प्राणघातक विषबाधा होऊ शकते.

== ऊन, तहान व उलट्या ==

पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हामुळे मुलांची त्वचा लवकर भाजते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी आणि पिण्याचे पुरेसे पाणी सोबत असावे. सहा महिन्यांखालील बालकांना थेट उन्हात नेऊ नये. होडी लागून उलट्या होऊ लागल्यास मुलाला दूरच्या क्षितिजाकडे पाहण्यास सांगतात. पहिली सहल तासाभराची असणे इष्ट असते. मूल कंटाळले की हालचाल वाढते आणि धोकाही वाढतो.

== बुडणे ओळखणे व बचाव ==

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांत जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यास प्रतिबंध करण्याचा जागतिक दिवस म्हणून घोषित केला.

बुडणारे मूल ओरडते आणि हात हलवते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याला श्वास घेण्याचीच धडपड करावी लागते, म्हणून ते बहुधा आवाज न करता बुडते. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोके मागे झुकलेले, नजर शून्य आणि शरीर उभे, ही त्याची लक्षणे आहेत. खेळणारे मूल अचानक शांत झाले तर त्याकडे तत्काळ पाहावे लागते.

बचावात काठी, वल्हे किंवा दोरी पुढे करणे आणि तरंगणारी वस्तू फेकणे हे पहिले उपाय आहेत. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने पाण्यात उडी घेतल्यास अनेकदा दोघेही बुडतात. बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. प्रथम तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर दाब देणे सुरू करावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातील मदतीसाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आहेत.

== दुर्घटना व नियमन ==

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मरण पावले. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतलेली पर्यटन नौका उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अनेक मुले होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात होडी उलटून ६ जण दगावले. मृतांत दोन लहान मुले होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणारी प्रवासी नौका आणि नौदलाची वेगवान बोट यांची टक्कर झाली. त्यानंतर गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या नौकांवर जीवरक्षक जाकीट सक्तीचे करण्यात आले.

तानूर व हरणी येथे जादा प्रवासी आणि सर्वांच्या अंगावर जाकीट नसणे ही समान बाब आढळते. अंतर्गत जलमार्गांवरील नौकांची नोंदणी व तपासणी यांसाठी देशात अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. नौकेवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचणे आणि गर्दी असल्यास पुढच्या फेरीची वाट पाहणे ही दक्षता पालक स्वतः घेऊ शकतात. प्रवासीसंख्या मोजताना कडेवरचे मूलही मोजले पाहिजे.

== शैक्षणिक महत्त्व ==

योग्य काळजी घेतल्यास अशा सहलीतून मुले तिथी, वारा, भरती-ओहोटी आणि माशांच्या जाती प्रत्यक्ष पाहून शिकतात. लहान मासा पाण्यात परत सोडणे हा संवर्धनाचा पहिला धडा ठरतो. पापलेटचे घटते प्रमाण लक्षात घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्य मासा घोषित केले. समुद्र खवळलेला पाहून मोठी माणसे ठरलेली सहल रद्द करतात, तेव्हा पाण्याचा मान कसा राखावा हेही मुलांना समजते.

== हेही पहा ==

* भरती-ओहोटी
* रापण
* नारळी पौर्णिमा
* रामदास बोट दुर्घटना